कुत्र्याचे मागचे पाय अचानक गेले तर?

गेल्या पंधरवड्यात या सदराकडे आलेल्या पत्रांत आमगाव तालुक्यातील एका वाचकाचे पत्र आहे. ते लिहितात, ‘आमचा कुत्रा पाच वर्षांचा आहे. रात्री नेहमीसारखा भात खाऊन पडवीत झोपला. सकाळी उठायला गेला तर मागचा भाग उचलेना. पुढच्या दोन पायांवर अंग ओढत दारापर्यंत आला. शेजारी म्हणतात, लकवा मारला, मोहाचे तेल गरम करून चोळा. एकाने शक्तीचे इंजेक्शन द्यायला सांगितले. आम्ही काय करावे?’

पत्राला पत्राने उत्तर देण्याइतका वेळ अशा दुखण्यात नसतो, म्हणून त्यांच्याशी फोनवर बोलणे झाले. परंतु हाच प्रश्न वर्षातून कित्येकदा माझ्यापुढे येतो, आणि प्रत्येक वेळी विचारणाऱ्याच्या मनात ‘कोणते औषध?’ हाच प्रश्न पहिला असतो. पशुवैद्यकाच्या मनात मात्र ‘बिघाड कुठे आहे?’ हा प्रश्न पहिला असतो. या दोन प्रश्नांमधले अंतर वाचकांच्या लक्षात यावे, म्हणून आजचा लेख.

लकवा हे रोगाचे नाव नाही. ते नुसते दिसणारे लक्षण आहे. घरातला पंखा बंद पडला म्हणजे पंखाच बिघडला असे नसते. फ्यूज उडालेला असेल, तार तुटलेली असेल किंवा गावाची वीजच गेलेली असेल. पायांचेही तसेच आहे. ‘चाल’ हा हुकूम मेंदूतून निघतो, पाठीच्या मणक्यांतून जाणाऱ्या मज्जारज्जूतून मागे येतो, तिथून निघालेल्या नसांतून स्नायूंपर्यंत पोचतो आणि मग स्नायू हाडांना हलवतात. या वाटेवर कुठेही खंड पडला तरी बाहेरून दिसते ते एकच: मागचे पाय गेले. म्हणून पायाला तेल चोळून पाठीतला दोष जात नाही. उलट मणक्याची चकती सरकलेली असेल तर जोराने चोळल्याने ती आणखी सरकण्याची भीती असते.

कारणांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट सांगतो, कारण तिच्यात कुत्र्याच्या नव्हे, घरातल्या माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे.

पिसाळलेला कुत्रा म्हटले की चवताळून अंगावर धावणारे जनावर आपल्या डोळ्यांसमोर येते. पण रेबीजचा दुसरा एक प्रकार आहे, मुका पिसाळ. यात कुत्रा कोणाच्या अंगावर जात नाही. तो कोपऱ्यात, खाटेखाली, अंधारात जाऊन बसतो. आवाज घोगरा होतो. मागचे पाय लटपटतात, मग लुळे पडतात. खालचा जबडा लोंबतो, लाळ गळत राहते, पाणी गिळता येत नाही. घरच्यांना वाटते, घशात हाड अडकले. मग घरातला कोणीतरी मायेपोटी कुत्र्याच्या तोंडात हात घालतो आणि हाड शोधू लागतो. हाड सापडत नाही. हाताला दाताचा एखादा ओरखडा मात्र येतो, आणि कुत्रा चावलेला नसल्यामुळे त्याकडे कोणी लक्षही देत नाही.

रेबीजचे विषाणू लाळेत असतात, आणि कुत्रा आजारी दिसू लागण्याच्या काही दिवस आधीपासूनच असतात. जखमेवर, ओरखड्यावर, डोळ्यांत किंवा ओठांवर ती लाळ लागली तरी धोका तोच. माणसात रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की वाचणे जवळजवळ अशक्य. मात्र लक्षणे येण्याआधी लस घेतली तर रोग टळतो. पाश्चर यांनी १८८५ साली जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस टोचली तेव्हापासून हे जगाला ठाऊक आहे. तरीही आपल्या देशात माणसे या रोगाने मरतात, आणि त्यातली कित्येक केवळ वेळेवर न गेल्यामुळे मरतात.

तेव्हा ज्या कुत्र्याला रेबीजची लस दिलेली नाही, किंवा दिल्याची खात्री नाही, आणि ज्याचे पाय एक-दोन दिवसांत लुळे पडत चालले आहेत, त्याच्या तोंडाजवळ कोणीही हात नेऊ नये. त्याला एका खोलीत किंवा गोठ्यात वेगळे ठेवावे, मुलांना लांब ठेवावे आणि पशुवैद्यकाला बोलवावे. हात घातलाच असेल तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. पंधरा मिनिटे म्हणजे घड्याळ लावून पंधरा मिनिटे. नळाखाली एकदा हात धरला म्हणजे झाले असे नव्हे. हळद, चुना, मिरचीपूड काही लावू नये. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी. जखम रक्ताळलेली असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते, ते डॉक्टरांना आठवणीने विचारावे. पुढच्या तारखा चुकवू नयेत. जिवंत कुत्र्यात रेबीज आहे की नाही हे खात्रीने सांगणारी तपासणी आपल्या हाताशी नसते. खात्री होते ती मृत्यूनंतर मेंदू तपासून. म्हणून माणसाने लसीसाठी कुत्र्याच्या निदानाची वाट पाहायची नसते. रेबीज झालेला कुत्रा लक्षणे दिसल्यापासून साधारण दहा दिवसांच्या आत मरतोच. तो दहा दिवसांनंतरही धडधाकट असेल तर पुढच्या लसीचे काय करायचे ते डॉक्टर ठरवतील.

आता ज्याला दरवर्षी लस मिळते, जो शुद्धीवर आहे, खातो-पितो, मालकाला ओळखतो, पण उठू शकत नाही, अशा कुत्र्याकडे वळू. इथे निदानाचे निम्मे काम मालकाच्या हातात असते, कारण जनावर बोलत नाही आणि डॉक्टर त्या रात्री तिथे नव्हता. मी आल्यावर पहिल्यांदा कुत्र्याला हात लावत नाही. आधी प्रश्न विचारतो. किती वेळात झाले, तासांत, दिवसांत की महिन्यांत? आदल्या दिवशी तो उडी मारताना किंवा जिना उतरताना ओरडला होता का? दोन्ही पाय सारखेच गेले की एक जास्त? शेपटी हलते का? लघवी शेवटची कधी केली?

‘अचानक’ या शब्दावर तर मी सहसा विश्वास ठेवत नाही. कुत्र्याच्या मागच्या पायांची नखे पाहतो. नखांचे टोक वरच्या बाजूने घासून सपाट झाले असेल, पंजाच्या पाठीवरचे केस झडले असतील, तर हा कुत्रा कित्येक आठवडे पाय ओढत चालतो आहे. आज तो पडला एवढेच. अंगणातल्या मातीत हे कळत नाही. घरात नवी गुळगुळीत फरशी बसवली की पाय घसरू लागतात आणि मग लक्षात येते. म्हाताऱ्या अल्सेशियनमध्ये कमरेचा सांधा झिजलेला असतो, किंवा मज्जारज्जूच हळूहळू वाळत चाललेला असतो. या दुसऱ्या रोगात वेदना नसते आणि दुर्दैवाने औषधही नाही. पण त्यातही घाई नसते, आणि घरच्यांना सवय करून घ्यायला वेळ मिळतो.

खरोखर एका रात्रीत पाय गेले असतील तर आपल्या जिल्ह्यात दोन शक्यता आधी तपासाव्या लागतात.

पहिली साप. गोंदिया जिल्हा धानाचा. पावसाळ्यात बांध्या पाण्याने भरल्या की उंदीर घराकडे येतात, त्यांच्या मागे साप येतात, आणि पडवीत झोपलेला कुत्रा आधी सापडतो. मण्यार रात्री हिंडणारा साप आहे. त्याच्या दंशाची खूण बहुधा दिसत नाही, सूज येत नाही. नागाच्या दंशाने मात्र सूज येते. मण्यारीचे विष नसांकडून स्नायूंकडे जाणारा निरोप अडवते. आधी चाल लटपटते, मग पापण्या मिटू लागतात, भुंकणे बसते, जबडा ढिला पडतो, शेवटी श्वास थांबतो. वाचकांच्या लक्षात आले असेल, हे चित्र मुक्या पिसाळाशी मिळतेजुळते आहे. फरक वेळेचा. साप असेल तर सारे काही तासांत घडते, पिसाळ असेल तर दिवसांत. म्हणून ‘रात्री किती वाजता तो चांगला होता?’ या प्रश्नाचे नेमके उत्तर फार मोलाचे असते. माणसाला देतात तेच सर्पविषविरोधी इंजेक्शन कुत्र्यालाही चालते. कुत्रा लहान म्हणून त्याची मात्रा कमी करून चालत नाही, कारण सापाने विष कुत्र्याचे वजन पाहून सोडलेले नसते.

दुसरी शक्यता मणक्यांमधल्या चकतीची. दोन मणक्यांच्या मध्ये गादीसारखी चकती असते. बाहेरून चिवट, आतून मऊ. काही जातींत, विशेषतः लांब पाठीच्या आणि आखूड पायांच्या डॅशहुंडमध्ये, आतला मऊ भाग तरुण वयातच कडक होतो आणि एखाद्या उडीच्या निमित्ताने फुटून वर मज्जारज्जूवर आदळतो. छातीचे मणके संपून कमरेचे सुरू होतात तो सांधा याची नेहमीची जागा. इतर जातींत आणि गावठी कुत्र्यांतही हे होते, थोडे कमी. कुत्रा पाठ वाकवून उभा राहतो, उचलले की ओरडतो, आणि काही तासांत मागचे पाय जातात.

इथे दवाखान्यात केल्या जाणाऱ्या दोन साध्या तपासण्या सांगतो. मागचा पंजा उलटा करून जमिनीवर ठेवला तर निरोगी कुत्रा तो क्षणात सरळ करतो. तो तसाच राहिला तर पाय कुठे आहे याची खबर मेंदूपर्यंत जात नाही, म्हणजे दोष हाडात किंवा स्नायूत नसून नसांच्या वाटेवर आहे. दुसरी तपासणी वेदनेची. बोटाचे हाड चिमट्याने जोरात दाबतात. कुत्रा पाय आखडून घेतो आणि मालक आनंदाने म्हणतो, ‘डॉक्टर, जीव आहे पायात!’ पण पाय आखडणे ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, ती मेंदूवाचूनही होते. कुत्र्याने मान वळवून पाहिले, ओरडला, चावायला आला, तरच वेदना मेंदूपर्यंत पोचली असे समजायचे. ज्याची वेदना शाबूत आहे तो नुसत्या बंदिस्त विश्रांतीनेही बरा होण्याची चांगली शक्यता असते. ज्याची वेदना गेली त्याला शस्त्रक्रिया लागते, तीही एक-दोन दिवसांत, आणि तरीही साधारण निम्मेच पुन्हा चालतात. या तपासण्या घरी करू नयेत. वेदनेतले जनावर धन्यालाही चावते.

पत्रलेखक वाचकांच्या कुत्र्याचे निदान याच गटातले निघाले. दिवाणावरून उडी मारल्यावर तो आदल्या संध्याकाळी एकदा केकाटला होता, हे घरातल्या लहान मुलीला आठवत होते, मोठ्यांना नव्हते. वेदना शाबूत होती. त्याला मोठ्या खोक्यात बंद करून ठेवले आहे, आणि महिनाभर तरी ठेवायचे आहे.

याच ठिकाणी औषधांबद्दल लिहायला हवे. माणसांच्या अंगदुखीच्या गोळ्या कुत्र्याला देऊ नयेत. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होतात. डायक्लोफेनॅकचा जनावरांवरील वापर तर आपल्या देशात २००६ पासून बंद आहे. तो बंद झाला गिधाडांमुळे, कारण औषध दिलेल्या गुरांची मढी खाऊन ती मरत होती. पण कुत्र्यालाही ते मानवत नाही. दुसरा धोका असा की कोणीतरी स्टिरॉइड टोचतो आणि वर दुसरा कोणी वेदनाशामक देतो. दोन्ही मिळून आतड्यांतून रक्तस्राव होऊ शकतो. शिवाय वेदना दबली की कुत्रा हिंडू लागतो, आणि अर्धवट सरकलेली चकती पुरती सरकते. आधी काय टोचले, हे पुढच्या डॉक्टरला न लाजता सांगावे.

उरलेल्या कारणांपैकी काही आपल्या भागात विसरू नयेत अशी आहेत. एक गोचिडांचे. कुत्र्याच्या कानात, बोटांच्या बेचक्यांत दिसणाऱ्या तपकिरी गोचिडीतून एर्लिकिया नावाचा जंतू रक्तात शिरतो. ताप, हिरड्या फिकट, नाकातून रक्त, आणि सांधे दुखल्यामुळे पाय न टेकणे. रक्तातल्या प्लेटलेट घटल्याने क्वचित मज्जारज्जूभोवती रक्तस्राव होऊन पाय जातात. कानाच्या टोकाचा रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन पाहिला तर कधी जंतू दिसतो, कधी दिसत नाही. प्लेटलेटची मोजणी अधिक उपयोगी. वेळेवर कळले तर साधे, स्वस्त औषध महिनाभर दिल्याने बरे होणारा हा रोग आहे. मात्र घराच्या भिंतीच्या भेगांतल्या गोचिडी तशाच राहिल्या तर तो पुन्हा होतो.

दुसरे भाताचे. आपल्याकडे माणूस भात खातो, कुत्राही भात खातो. मोठ्या कुत्र्याचे त्यावर निभते, पण अल्सेशियन किंवा लॅब्राडॉरचे वाढते पिल्लू नुसत्या भात-वरणावर, किंवा हाडाशिवायच्या नुसत्या मांसावर वाढवले तर त्याला चुना, म्हणजे कॅल्शियम, पुरत नाही. रक्तातले प्रमाण राखण्यासाठी शरीर हाडांतला चुना काढून घेते. हाडे कागदासारखी पातळ होतात. मग पिल्लू खाटेवरून उडी मारते, मणका दबून मोडतो, आणि मागचे पाय जातात. घरचे म्हणतात, एवढ्याशा उडीने? उडी निमित्त असते. चार-पाच महिन्यांचे पिल्लू पाय वाकडे टाकते, उचलले की कुरकुरते, एवढ्यावरच त्याचा आहार दाखवून घ्यावा.

जुनी माणसे अशा वेळी लाखोळीचे नाव घेतात. त्यात माणसांपुरते तथ्य आहे. महिनोन्महिने लाखोळी हेच मुख्य अन्न झाले की पाय ताठरतात, म्हणून केंद्राने १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदीही घातली होती. पण ताटात उरलेल्या वरणाच्या दोन घासांनी कुत्र्याचे पाय जातात असे मानायला आधार नाही, आणि लाखोळीच्या रोगात पाय ताठ होतात, लुळे नव्हे.

पिल्लाला खोकला, डोळ्यांत चिपडे, नाक वाहणे होऊन गेले, ते बरे झालेसे वाटले, आणि दोन-तीन आठवड्यांनी पाय लटपटू लागले, एखादा स्नायू झोपेतही ठेक्यात उडू लागला, तर तो डिस्टेंपर समजावा. त्यावर नेमके औषध नाही, लस मात्र आहे. दीड-दोन महिन्यांच्या पिल्लाला ती सुरू करावी. जंगलालगतच्या गावांनी, सडक अर्जुनी, गोरेगाव, अर्जुनी मोरगावकडच्या वाचकांनी, याकडे विशेष लक्ष द्यावे. २०१८ साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह मेले, तेव्हा त्यांच्यात याच रोगाचा विषाणू सापडला होता. आपल्या उशाशी नवेगाव-नागझिरा आहे आणि आपली कुत्री मोकाट जंगलात जातात.

धानावर फवारणी चालू असताना कुत्रा लाळ गाळत, थरथरत, लटपटत घरी आला, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झालेल्या असल्या, तर विषबाधा धरून चालावे आणि औषधाचा डबा बरोबर न्यावा. व्यालेली कुत्री पिल्ले दोन-चार आठवड्यांची असताना ताठरून थरथरू लागली तर पिल्ले बाजूला करून तातडीने दवाखाना गाठावा. शिरेतून कॅल्शियम दिले की बहुधा ती थोड्याच वेळात उठून बसते, आणि घरच्यांना तो चमत्कार वाटतो.

कुत्र्याला नेताना कडेवर किंवा पोत्यात घालून नेऊ नये. फळी, पाट किंवा जुन्या दाराचे पान घ्यावे, कुत्र्याला हळूच त्यावर सरकवावे आणि ओढणीने सैल बांधावे. एक्स-रेने मोडलेला मणका दिसतो. मज्जारज्जू आणि फुटलेली चकती साध्या एक्स-रेवर दिसत नाही, म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आला’ याचा अर्थ ‘काही झाले नाही’ असा घेऊ नये. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मुख्य राबता गाई-म्हशींचा असतो, तरी पहिली तपासणी तिथे नक्की होते. पुढची गरज लागली तर आपल्याला जवळचे ठिकाण नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय, १९५८ सालचे, गोंदियापासून सुमारे १३० किलोमीटर. वेदना गेलेल्या कुत्र्याला तिकडे न्यायचे तर ‘चार दिवस वाट पाहू’ म्हणण्यात अर्थ नाही. जायचे तर त्याच दिवशी.

घरी ठेवलेल्या कुत्र्याच्या बाबतीत पायांपेक्षा लघवीकडे अधिक लक्ष द्यावे लागते. मज्जारज्जू दबला की बऱ्याचदा मूत्राशय आपणहून रिकामे होत नाही. ते तुडुंब भरते आणि थेंब थेंब गळते; घरच्यांना वाटते लघवी होते आहे. दिवसातून तीन-चार वेळा पोट दोन्ही हातांनी हळू दाबून ते रिकामे करावे लागते. डॉक्टरकडून हे एकदा हात धरून शिकून घ्यावे. वाचून जमत नाही. अंथरूण मऊ आणि कोरडे असावे. तणसावर जुनी चादर घातली तरी चालते. दर तीन-चार तासांनी कूस बदलावी, नाहीतर कमरेच्या हाडांवर जखमा पडतात आणि पावसाळ्यात त्यांत माशा बसून किडे होतात. पहिले दहा-पंधरा दिवस काहीच फरक दिसत नाही. मग एके दिवशी वाडगे समोर ठेवताना शेपटी थोडी हलते. सुधारणा बहुधा तिथून सुरू होते, पाय त्यानंतर.